पुढून नऊ, मागून आठशे बारा

३ मार्च

राज्याच्या आरोग्य खात्याचं पत्र आलं. लखोटा इतका जाड, की ह्यांना वाटलं अस्तराच्या कापडाचे नमुने आले. फोडला तर सतरा पानं, आणि त्यात माझ्या कामाचं एवढंच: आपल्या राज्यातला सुईण कायदा कसा चालतो ते बघायला केंद्राचे तपासनीस येणार आहेत, आणि ज्या तीन सुईणींकडे ते जाणार त्यांत माझं नाव आहे.

दोनशे चौदा जणींतून तीन! धावत दुकानात जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि उजव्याने सोयीपुरतं.

"बक्षीस आहे का?"

"तपासणी आहे."

"मग झगडू नकोस त्यांच्याशी," म्हणाले आणि मशीन चालू केलं.

संध्याकाळी लेक आली. ती घाटापलीकडच्या जिल्हा रुग्णालयात नर्स आहे. तिने सतराच्या सतरा पानं वाचली आणि तोंड बारीक केलं. म्हणाली, "आई, हे वाटतं तेवढं साधं नाही. केंद्र दवाखान्यांना निधी देतं, त्याला आता अट लावलीय. शाळेचा दाखला नसलेल्या बाईला बाळंतपण करायची परवानगी जे राज्य देईल, त्याला निधी नाही."

"पण आरोग्य राज्याकडे आहे ना? कायदा आपल्या विधानसभेने केलाय. शंभर बाळंतपणं सुखरूप केलेली बाई, दोन डॉक्टरांसमोर तोंडी परीक्षा, मग परवाना. बावीस वर्षं झाली."

"कायद्याला कोण हात लावतंय? खुशाल ठेवा म्हणतात. फक्त आमच्याकडे हात पसरू नका. आमच्या रुग्णालयाच्या खर्चातले दहात सात हिस्से तिकडून येतात, आई."

म्हणजे मारायचं नाही, पण जेवायला ताटही वाढायचं नाही. असो. तपासनीस येऊन बघतील तेव्हा त्यांचं त्यांनाच कळेल.

हे सगळं लिहून ठेवावं म्हणून दुकानातलं मापांचं जुनं रजिस्टर घेतलंय. अर्ध्या पानांवर गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरा आहेत, उरलेल्या जागेत मी.

५ मार्च

शेजारची पाववाली आली होती. आमची आणि तिच्या बेकरीची भिंत एकच. सहावा महिना, तिसरी खेप. आधीची दोन्ही माझ्याच हातांनी आली, आणि दुसरं तर असं घाईचं, की पाव भट्टीत टाकले तेव्हा कळा सुरू झाल्या आणि पाव जळायच्या आत मूल बाहेर!

"मावशी, जूनमध्ये कुठे जायचं नाही हं," म्हणाली.

"मी कुठे जाणार? मला कुठे माहेरपणाला बोलावलंय?"

पोट बघितलं. मूल छान फिरतंय. तिला घाटापलीकडे न्यायचं म्हणजे अडीच तास, आणि हिचं काम पाऊण तासाचं. तिलाही ते ठाऊक आहे. जाताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

९ मार्च

बाळंतपणाच्या वहीला नवा पुठ्ठा घातला. तपासनिसांना दाखवायचीय ना.

या भागातल्या सगळ्या सुईणी वही दोन्हीकडून लिहितात. मला थोरल्या बाईंनी लावलेली सवय. त्या माझ्या गुरू, आता नाहीत. वहीच्या पुढून गेलेले लिहायचे, प्रत्येकाला एक पूर्ण पान: काय झालं, कुठे चुकलं, काय करता आलं असतं. मागून जगलेले लिहायचे, एकेक ओळ. बाई म्हणायच्या, "जगलेल्याचं पुढचं तो स्वतः लिहील गं. गेलेल्याचं आपल्याशिवाय कोण लिहिणार?" आणि वही उघडली की पहिल्यांदा चूकच डोळ्यांसमोर यावी, म्हणजे हात सैल पडत नाही.

माझी पुढून नऊ पानं आहेत आणि मागून आठशे बारा ओळी. एकतीस वर्षांच्या. पुढची नऊ आज परत वाचली. पाचवं पान अजून एका दमात वाचून होत नाही.

११ मार्च

तपासनीस येऊन गेले. किती भला माणूस! वरच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्हींना टोक केलेलं. मी मनात त्यांचं नाव पेन्सिलवाले ठेवलं.

घर बघितलं, कात्री उकळायचं भांडं बघितलं, कान लावायचं लाकडी नळकांडं हातात घेऊन बघितलं. मी म्हटलं, लावून बघा, माझंच काळीज ऐका. हसले, पण लावलं नाही. मग ह्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी वही मागितली. मी मोठ्या अभिमानाने दिली. त्यांनी उघडली आणि नेमकं तेव्हाच ह्यांनी हाक मारली, "अगं, ही बाई काय म्हणतेय? बाही आखूड की लांब?" ते गिऱ्हाईक निस्तरून येईपर्यंत पेन्सिलवाले नवव्या पानापर्यंत पोचले होते. चेहरा पार उतरला होता त्यांचा. मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्या गेलेल्या बायका-पोरांसाठी कुणीतरी सरकारी माणूस हळहळतोय.

पुढची तीन-चार कोरी पानं चाळून त्यांनी वही मिटली.

"सगळ्या नोंदी आहेत ना यात?"

"एकही सुटलेली नाही."

"लपवलेलं काही?"

"देवाशपथ नाही."

त्यांनी नऊही पानांचे फोटो घेतले. म्हणाले, अक्षर फार स्वच्छ आहे. मी तिशीनंतर शिकलेलं अक्षर! ह्यांच्या कापायच्या कागदावर खडूने गिरवून! ते मी त्यांना सांगितलंसुद्धा. तेही त्यांनी लिहून घेतलं.

चहा पूर्ण प्यायले. मला वाटतं कायदा टिकणार.

२० एप्रिल

पाच आठवडे काही कळलं नव्हतं. आज लेक ड्यूटी सोडून आली, चपला न काढताच आत.

केंद्राचा अहवाल वर्तमानपत्रात आलाय. तिने वाचून दाखवला. त्यात माझं नाव नाही, पण मी आहे. "तपासलेल्या एका परवानाधारक सुईणीच्या स्वहस्ताक्षरातील नोंदवहीत एकूण नऊ प्रसूती असून नऊही प्रसूतींत माता अथवा बालक दगावले आहे. आपली नोंदवही परिपूर्ण असल्याचे सुईणीने शपथेवर सांगितले. लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण तिने तिशीनंतर घेतले."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, नऊ बरोबर आहेत की.

लेक ओरडली, "आई, त्यांनी वही उलटी धरलीच नाही!"

तरी मी म्हटलं, एवढ्या मोठ्या साहेबाला मागची बाजू दिसत नाही होय? वहीला मागची बाजू असतेच.

मग बसले.

मशीन थांबवून हे बघत होते. त्यांना ऐकू काहीच गेलं नव्हतं, पण उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

२१ एप्रिल

लेक म्हणते तुझी चूक नाही. पण वही मीच दिली. "वही मागूनही बघा हं" हे चार शब्द बोलायला किती वेळ लागला असता? बाही आखूड की लांब, यापुढे मला ते चार शब्द सुचले नाहीत. आमच्या लोकांत ते सांगावंच लागत नाही. वही हातात आली की कुणीही आधी मान खाली घालून पुढची पानं बघतं आणि मग उलटी करून मागे जातं. मला वाटलं जगात सगळीकडे तसंच.

२४ एप्रिल

राजधानीला जाऊन आले. बस, मग दुसरी बस, मग जिने. सचिवबाई आरोग्य खात्याच्या सगळ्यांत वरच्या. माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. दोन तास बसवून ठेवलं, पण मग उठून दारापर्यंत आल्या.

मी वही टेबलावर ठेवली आणि उलटी केली. "बघा. आठशे बारा."

त्यांनी बघितलं नाही. म्हणाल्या, "मावशी, मला माहीत आहे. तुम्हा दोनशे चौदा जणींचे सगळे आकडे इथेच आहेत. आमच्या काही दवाखान्यांपेक्षा चांगले आहेत."

"मग सांगा की त्यांना!"

"कळवलंय. ते म्हणतात, अहवाल मान्य नसेल तर कोर्टात या. कोर्टात चार वर्षं जातील. जिंकूही कदाचित. पण चार वर्षं निधी अडकून राहील. लसी, रक्तपेढी, घाटातली नवी रुग्णवाहिका, सगळं त्या एका पिशवीत आहे, आणि पिशवीची दोरी त्यांच्या हातात."

"म्हणजे कायदा आपला आणि तो मोडायचा पण आपणच?"

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "त्यांनी मोडला तर आपण भांडू शकतो. म्हणून ते मोडत नाहीत. आपल्याकडून मोडून घेतात."

बाई हुशार आहे. वाईट नाही. मला पाणी दिलं, प्रवासखर्चाची पावती स्वतः भरली. मग म्हणाल्या, विधानसभेला सल्ला द्यायला एक समिती नेमलीय, तीत सुईणींच्या वतीने तुम्ही बसा. एवढं नुकसान करूनही मला समितीवर घेतात, म्हणजे अजून काही आशा असणार. नाहीतर मला कशाला बोलावतील?

परत येताना बस बदलायला जिल्ह्याच्या गावी उतरले आणि लेकीच्या वॉर्डात डोकावले. काचेच्या पेट्या आहेत तिथे, कमी दिवसांच्या मुलांसाठी. सात पेट्या, सातही भरलेल्या. एकाचा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. पेट्यांवर चिकटवलंय, केंद्राचा निधी.

लेकीला म्हटलं, "तू काय सांगतेस? मी काय करू समितीत?"

"मी काही बोलणार नाही," म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून नळी नीट करत राहिली. नळी आधीच नीट होती.

६ मे

सही केली.

समितीत नऊ माणसं. त्यांतल्या आठांना माझ्या वहीबद्दल माहीत होतं आणि आठही माझ्याशी फार गोड बोलले. शिफारस आधीच टाइप केलेली होती. सुईण कायदा एक जूनपासून स्थगित. जुन्या परवानाधारक बायकांना "प्रसूती-सखी" म्हणायचं आणि छातीवर बिल्ला द्यायचा. सखीने बाईला दवाखान्यात पोचवायचं, घाम पुसायचा, पाणी पाजायचं, धीर द्यायचा. स्पर्श खांद्याच्या वर चालेल.

मी विचारलं, "मूल काय कानातून येतं?"

सगळे हसले. एकाने टिपून पण घेतलं, बहुतेक घरी सांगायला. पण कागदावरचा खांदा तिळभरही खाली सरकला नाही.

मी म्हटलं, घाटामुळे गाडी वेळेवर नाही आली तर? तेव्हा सचिवबाईंनी एक कलम दाखवलं. आणीबाणीत जवळ असलेल्या कुणाही सामान्य नागरिकाने मदत केली तर तो गुन्हा नाही. मला हायसं वाटलं. सही केली, सगळ्यांत खाली, जागा तिथेच होती. आणि खरं लिहायचं तर सही करताना डोळ्यांपुढे पाववाली नव्हती, तो नखाएवढा पंजा होता.

८ मे

वर्तमानपत्रात मथळा: "सुईणींच्या प्रतिनिधीकडूनच कायदा मागे घेण्याची शिफारस." माझा फोटो. सही करताना काढलेला. कधी काढला कळलंच नाही.

पलीकडच्या खोऱ्यातली मैत्रीण, माझ्याबरोबरच परवाना मिळालेली, तिला फोन केला. तिने माझं नाव ऐकलं आणि म्हणाली, "सखीबाई, आता ठेवा." आणि ठेवला.

म्हणजे मला याचसाठी बोलावलं होतं होय? नाही, असं एकदम मनात आणू नये. सचिवबाईंनी पाणी दिलं होतं.

१ जून

बिल्ला आला. निळा आहे. सोबत नियमांचं पुस्तक. लेकीने वाचताना एका ठिकाणी बोट ठेवलं आणि ते उचलेना.

"आई, हे कलम तुला दाखवलं होतं त्यांनी? पूर्ण?"

पूर्ण कलम असं आहे: आणीबाणीत कोणाही सामान्य नागरिकाने मदत केल्यास गुन्हा नाही, मात्र पूर्वीचा परवाना असलेली व्यक्ती या कलमापुरती सामान्य नागरिक धरली जाणार नाही. आणि त्याखाली: राज्यात कुठेही एक उल्लंघन आढळलं, तर पूर्ण राज्याचा त्या तिमाहीचा निधी रोखला जाईल.

ह्यांना ओरडून समजावून सांगितलं. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे मी केलं तर चालेल?"

"हो."

"मी. ज्याला बटण लावताना चष्मा लागतो."

"हो."

"आणि तू केलंस तर लेकीच्या पेट्या बंद?"

मी मान हलवली. ह्यांनी सुईत दोरा ओवला. तीन वेळा चुकला.

४ जून

पाववालीला म्हटलं, आजच घाटापलीकडे लेकीकडे जाऊन रहा, दिवस भरेपर्यंत. म्हणाली, "मग बेकरी कोण चालवणार? आणि दोघं पोरं? मावशी, तुम्ही आहात ना भिंतीपलीकडे?" मी बिल्ला दाखवला. हसली. तिला वाटतं बिल्ला मिळाला म्हणजे मी आणखी मोठी झाले.

तारीख पुढच्या आठवड्यात. रुग्णवाहिकेचा नंबर तिच्या भट्टीवर खडूने लिहून ठेवला.

९ जून

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी सव्वादहाला भिंतीवर ठोकलं. पाववालीने लाटण्याने. नवरा पावाची फेरी घालायला गाडी घेऊन गेलेला. मी रुग्णवाहिकेला फोन केला. घाटात ट्रक आडवा झालाय, म्हणाले, दोन तास तरी. लेक त्याच गाडीत होती. फोनवर म्हणाली, "आई, तू हात लावू नकोस. कुणाला तरी बोलाव. कुणालाही."

कुणालाही म्हणजे हे.

ह्यांचे हात मी साबणाने कोपरापर्यंत धुवून दिले. बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये गादी टाकलेली. मी पाववालीच्या डोक्याशी बसले, नियमाप्रमाणे खांद्याच्या वर, आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून ठेवले. हे पायाशी. ह्यांनी सगळ्यात आधी डोळे मिटले.

"अहो, डोळे उघडा!"

"उघडतो. तू सांग काय करू."

"काही करू नका! ती करतेय! फक्त हात खाली धरा!"

"काय खाली?"

"हात!"

पाववाली अशा कळांतसुद्धा हसली. "मावशी, काकांना डावीकडून सांगू नका."

उजव्या बाजूला सरकले. डोकं दिसलं. ह्यांच्या कपाळावरचा घाम मी पुसला, कपाळ खांद्याच्या वरच येतं. मग डोकं आलं, आणि तिथे थांबलं. पुढची कळ आली तरी मूल पुढे येईना. हे म्हणाले, "अगं, गळ्याशी काहीतरी आहे. दोरीसारखं."

नाळ. आणि आवळलेली.

सांगितलं, बोट आत घाला, हळूच, डोक्यावरून काढून घ्या. ह्यांनी बोट घातलं. ह्यांचं बोट जाड आहे, पन्नास वर्षं कात्री धरलेलं. निसटलं. परत घातलं, परत निसटलं. मुलाचा चेहरा काळसर पडायला लागला. हे माझ्याकडे बघत होते. पाववाली माझ्याकडे बघत नव्हती, तिने डोळे मिटले होते आणि माझा पदर घट्ट धरला होता.

मी त्या क्षणी काय विचार केला ते लिहावं तर विचार केलाच नाही. पेट्या आठवल्या नाहीत. पंजा आठवला नाही. हात मांडीखालून निघाला. मी पाठवला नाही, तो गेला. एक बोट, एक वळसा, डोक्यावरून. एवढंच. एवढ्यासाठी एकतीस वर्षं लागतात.

मुलगी आहे. दोन श्वास उशिरा रडली, पण रडली ती अशी की ह्यांनाही डाव्या कानाने ऐकू आलं.

साडेबाराला लेक आली. सगळं बघितलं. वार पूर्ण पडलेली, नाळ नीट बांधलेली. नाळेची गाठ बघून तिने माझ्याकडे बघितलं. ती गाठ तिनेही माझ्याकडूनच शिकलीय.

मग तिने फॉर्म काढला. पेन उघडलं. "प्रसूती कुणी केली?"



पाववाली म्हणाली, "शिंपीकाकांनी."

हे म्हणाले, "काय म्हणते?"

लेकीने ह्यांच्या उजव्या कानाशी जाऊन परत विचारलं, शब्द न् शब्द, सरकारी आवाजात. हे माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "मीच. दुसरं होतं कोण इथे?"

लेकीने लिहिलं. पेन बंद करताना टोपण दोनदा खाली पडलं.

१० जून

काल वहीच्या मागच्या बाजूला ओळ लिहायला घेतली होती, आठशे तेरावी. नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग लेकीने वही हातातून घेतली. "आई, यापुढे या वहीत काही लिहायचं नाही. परत कुणी बघायला आलं तर?"

तिने ती ओळ खोडली नाही. पान फाडलं. पानाच्या दुसऱ्या बाजूला बेचाळीस जणं होती.

हे रजिस्टर मात्र मी तिला दाखवलं नाही. छाती-कंबरांमध्ये कोण शोधायला येतंय.

६ जुलै

ह्यांना परवा सचिवबाईंचं अभिनंदनाचं पत्र आलं. "सामान्य नागरिकाच्या तत्परतेचे अनुकरणीय उदाहरण." दुसरं एक पान केंद्राला पाठवलेल्या माहितीचं होतं: जूनअखेर राज्यात एकही उल्लंघन नाही, नव्या व्यवस्थेत सर्व प्रसूती सुखरूप. म्हणजे आता माझ्यामुळेच सिद्ध झालं, की माझी गरज नाही.

दोन दिवस हे ते पत्र खिशात घेऊन फिरत होते. आज म्हणाले, "चौकटीत लावायचं का?"

मी म्हटलं, "लावा की. दुकान आहे तुमचं."

लावलं नाही. कापायच्या टेबलाच्या खणात आतल्या बाजूला ठेवलं.

११ जुलै

दगडखाणीवरची एक बाई आली. आठवा महिना, पहिली खेप, पाय सुजलेले. ती माझ्याकडे आली नाही, दुकानात ह्यांच्याकडे गेली. म्हणाली, "काका, ते बाळंतपण करणारे शिंपी तुम्हीच ना?" आणि हे बोलताना बघत होती माझ्याकडे. बायकांना कुणी काही सांगावं लागत नाही.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पायांकडे बघत होते.

दुकानात मापं घ्यायला एक पडदा आहे. तिला पडद्यामागे नेलं, स्टुलावर बसवलं. ह्यांनी माप घ्यायची फीत माझ्या गळ्यात टाकली आणि स्वतः पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसले, उजवा कान रस्त्याकडे करून. मी पोटावर हात ठेवला. मूल आडवं आहे, अजून वेळ आहे, वळवता येईल. पण आठवड्यातून दोनदा यावं लागेल तिला. म्हणजे आठवड्यातून दोनदा माप.

नळकांडं लावून ठोके मोजायला सुरुवात केली. बाहेर कुणीतरी आलं. ह्यांचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा: "आत माप चाललंय! बसा जरा!"

कोण आलंय ते कळेना. गिऱ्हाईक असेल. पेन्सिलवाले असतील. बूट वाजल्यासारखं वाटलं, मग नाही वाटलं. बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी तिच्या पोटाभोवती फीत धरली आणि मोठ्याने म्हणाले, "बेचाळीस."

एकतीस वर्षांत मी बायकांच्या पोटाला कान लावला की जग बंद व्हायचं. आज एक कान मुलाकडे आणि एक दाराकडे. ठोके किती झाले ते विसरले. पुन्हा पहिल्यापासून मोजले, पुन्हा विसरले.

तिसऱ्यांदा तिलाच म्हटलं, "तू मोज गं बोटांवर, मी डोकं हलवेन तसं."

तिने मोजले. आम्ही दोघी पडद्याआड, आणि बाहेर हे गिऱ्हाइकाला विचारत होते, बाही आखूड की लांब, आखूड की लांब, तेच तेच, आम्हाला वेळ मिळावा म्हणून.